वाचकांचे प्रश्न : बोट हलते, म्हणून ते मोडलेले नाही?

गणपतीच्या आधीचे दोन महिने आले की पुण्यातील अस्थिरोगतज्ज्ञांकडे बोटांच्या दुखापती वाढतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. नदीपात्रातील ढोलपथकांचे सराव, शाळांच्या क्रीडास्पर्धा आणि पावसाने चिखललेल्या दुचाकींची घरच्या घरी होणारी सफाई या तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. या वेळी आलेली पत्रेही बहुतेक त्याच विषयाची आहेत, म्हणून हे संपूर्ण सदर बोटांसाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या लोखंडी फाटकात माझ्या उजव्या हाताचे मधले बोट सापडले. ते सुजले, काळेनिळे झाले, पण हलत होते. त्यामुळे मुका मार समजून मी आठ दिवस आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावत राहिलो. नवव्या दिवशी एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेलो तेव्हा फ्रॅक्चर निघाले. बोट हलत असताना हाड मोडलेले कसे असू शकते? शिवाय तेथील डॉक्टरांनी एक्स-रेला पाठवण्याआधी बराच वेळ नुसते बोटच तपासले, ते कशासाठी?
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुमची समजूत चुकली याबद्दल स्वतःला दोष देऊ नका, शिकलेसवरलेले लोकही हेच म्हणत माझ्याकडे उशिरा येतात. बोटांमध्ये स्नायू नसतातच. बोटे वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात, काही छोटे स्नायू तळव्यात असतात आणि त्यांच्या दोऱ्या, ज्यांना आपण कंडरा किंवा टेंडन म्हणतो, त्या बोटांच्या पेरांपर्यंत पोहोचलेल्या असतात. हाडाला तडा गेला तरी दोरी शाबूत असते आणि ती ओढली गेली की बोट वाकते. याच्या उलटही घडते: हाड शाबूत असते, दोरी तुटलेली असते, एक्स-रे निर्दोष येतो आणि योग्य उपचार न झाल्यास बोट कायमचे अधू होते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी बोट तपासण्यात घालवलेला वेळ हा त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा वेळ होता, असे मी म्हणेन.

ते काय पाहत होते, हे सविस्तर सांगते, कारण यातील पहिली तपासणी कोणालाही घरी करता येते. दोन्ही हात तळवे वर करून शेजारी शेजारी ठेवायचे आणि बोटे हळूहळू, दुखेल तिथे थांबत, मिटत न्यायची. निरोगी हातात चारही बोटांची टोके मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला असलेल्या हाडाच्या उंचवट्याकडे झुकतात. हाड मोडून त्याला पीळ बसला असेल, तर ते बोट शेजारच्या बोटावर चढते किंवा त्याच्यापासून दूर जाते, आणि बोटे सरळ ठेवून नखांकडे समोरून पाहिले तर एकच नख तिरपे दिसते. तळव्यातील हाडाला केवळ ५ अंशांचा पीळ बसला तरी मूठ मिटताना बोटाचे टोक सुमारे १.५ सेंटीमीटर सरकते. बोट सरळ असताना हा पीळ लक्षात येत नाही आणि एक्स-रेतही तो सहज दिसत नाही. तो न सुधारता हाड जुळले, तर पुढे हातात वाटी धरतानाही बोटे एकमेकांत अडकतात.

त्यानंतर रक्तपुरवठा पाहतात. नख दाबून सोडले की ते पांढरे पडते आणि साधारण २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. संवेदना तपासण्यासाठी कागदाला लावायच्या क्लिपची दोन टोके ५ ते ६ मिलिमीटर अंतरावर ठेवून बोटाच्या दोन्ही कडांना वेगवेगळी टेकवतात आणि रुग्णाला डोळे मिटून ‘एक की दोन’ असे विचारतात. ही तपासणी भुलीचे इंजेक्शन देण्याआधीच व्हावी लागते, कारण नंतर बोट बधिर कशामुळे झाले हे कोणालाच सांगता येत नाही. मग प्रत्येक सांधा वेगळा धरून तो स्वतःहून वाकतो का आणि सरळ होतो का हे पाहतात. शेवटी हाडावरून एका बोटाने दाबत जातात. मुक्या मारात दुखणे पसरलेले असते, मोडलेल्या हाडात ते बहुधा एका ठरावीक जागी टोचते. कातडी कुठे फाटलेली असेल, तर ती जखम हाडापर्यंत गेली आहे असे धरूनच पुढे जातात; अशा वेळी स्वच्छ धुणे, प्रतिजैविके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन हे उपचार पट्टीच्या आधी येतात.

एक्स-रेबद्दल एक गोष्ट रुग्णांनीही लक्षात ठेवावी. संपूर्ण हाताचा बाजूने एक्स-रे काढला तर चारही बोटे एकावर एक येतात आणि बारीक तुकडा त्यात लपतो. म्हणून दुखावलेल्या एकाच बोटाचे समोरून, नेमके बाजूने आणि तिरपे असे तीन एक्स-रे हवेत. कागदावर ‘हाताचा एक्स-रे’ एवढेच लिहिलेले असेल, तर ‘या बोटाचा बाजूने वेगळा काढता का?’ असे विचारायला मुळीच संकोच करू नका.

लेपाने तुमच्या हाडाचे काही बिघडलेले नाही. नुकसान झाले ते दिवस गेल्याचे. बोटांची हाडे दोन-तीन आठवड्यांत एकमेकांना धरू लागतात आणि वाकडी धरली तर ती पुन्हा मोकळी करण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. तुमचे बोट सरळ आहे आणि मूठ मिटताना शेजारच्या बोटावर चढत नाही, असे तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे. तसे असेल तर शेजारच्या बोटाशी, मध्ये कापसाची पातळ घडी ठेवून, सुमारे तीन-चार आठवडे बांधून ठेवणे एवढाच उपचार पुरेसा ठरू शकतो. मात्र आठवड्याभरात पुन्हा एक्स-रे काढून हाड जागेवर असल्याची खात्री करून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. क्रिकेट खेळताना झेल घेत असता चेंडू त्याच्या उजव्या अनामिकेच्या टोकावर बसला. दुखणे दोन दिवसांत थांबले, पण शेवटचे पेर खाली झुकलेलेच राहते. दुसऱ्या हाताने उचलले तर ते सरळ होते, सोडले की पुन्हा पडते. एक्स-रेत हाड ठीक आहे. तरीही डॉक्टर सहा आठवडे पट्टी लावायला सांगतात. हाड मोडलेले नसताना आणि परीक्षेच्या वर्षात हे खरोखर आवश्यक आहे का?
— एक आई, धनकवडी

उत्तर : होय, आवश्यक आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी योग्य निदान केले आहे. बोटाचे टोक सरळ करणारी पातळ कंडरा शेवटच्या पेराला जिथे चिकटते तिथून ती तुटली आहे. याला मॅलेट फिंगर म्हणतात. काही मुलांमध्ये कंडरेबरोबर हाडाचा लहान तुकडाही निघतो. तो तुकडा सांध्याच्या पृष्ठभागाच्या एकतृतीयांशाहून मोठा असेल किंवा सांधा जागेवरून सरकला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो; इतर बहुतेकांना पट्टी, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारा कडक आधार (स्प्लिंट), पुरते.

परंतु ही पट्टी म्हणजे काय, हे कॅज्युअल्टीच्या गर्दीत नीट समजावून सांगितले जात नाही, आणि उपचार फसतो तो तिथेच. फक्त शेवटचा सांधा सरळ ठेवायचा असतो, मधला सांधा मोकळा हवा. सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र, आंघोळीच्या वेळीसुद्धा, तो सांधा एकदाही वाकता कामा नये. पाचव्या आठवड्यात एकदा वाकला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. पट्टीखालची कातडी ओली राहून पांढरी पडते, म्हणून ती अधूनमधून काढून पाहावी लागते. त्यासाठी हात टेबलावर पालथा ठेवावा, बोट टेबलाला चिकटलेले असतानाच पट्टी पुढच्या बाजूने सरकवून काढावी, कातडी पुसून कोरडी करावी आणि बोट टेबलावरून न उचलता कोरडी पट्टी पुन्हा सरकवावी. पहिल्या आठवड्यात हे तुम्ही स्वतः करा, एकट्या मुलावर सोपवू नका. सहा ते आठ आठवड्यांनंतर आणखी काही आठवडे केवळ रात्री पट्टी लावायला सांगतात.

परीक्षेची काळजी मात्र करू नका. पेन अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात धरले जाते. अनामिकेला पट्टी असली तरी त्याचे लिहिणे अडणार नाही.

याच्या नेमकी उलट दुखापत कबड्डीत होते आणि ती अधिक घातक असते, म्हणून येथेच सांगते. चढाई करणाऱ्याची जर्सी किंवा चड्डी पकडताना तो निसटतो आणि पकडणाऱ्याच्या बोटाचे, बहुतेक वेळा अनामिकेचे, टोक वाकवणारी कंडरा हाडापासून सुटते. मग मूठ मिटली तरी ते एकच टोक सरळ राहते. दुखणे फार नसते, एक्स-रे अनेकदा स्वच्छ असतो आणि मुलगा पुढचा सामनाही खेळतो. सुटलेली कंडरा तळव्यापर्यंत मागे ओढली जाऊ शकते, आणि तसे झाले तर ती आठ-दहा दिवसांच्या आतच शस्त्रक्रियेने पुन्हा जोडावी लागते. शाळेतील क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक दुखावलेल्या बोटाचे टोक वेगळे वाकवून पाहावे. निखळलेले बोट मैदानावर खेचून बसवण्याची घाईही करू नये, कारण सोबत हाड मोडलेले असू शकते.

प्रश्न : ढोलाच्या सरावात टिपरू अनामिकेवर जोरात बसले. बोट सुजले आणि साखरपुड्याची अंगठी अडकली. ती कापायची नाही म्हणून मी रात्रभर तशीच झोपले. सकाळी बोट बधिर झाले होते. असे पुन्हा झाले तर काय करावे?
— एक ढोलवादक वाचक, शिवणे

उत्तर : हाताला मार बसला की सूज येण्याआधी, पहिल्या काही मिनिटांतच, त्या हातातील अंगठ्या आणि बांगड्या काढाव्यात, मार कोणत्याही बोटाला बसलेला असो. अंगठी अडकलीच तर हात डोक्याच्या वर धरून थोडा वेळ बसावे, बोट गार पाण्यात ठेवावे आणि साबण किंवा तेल लावून अंगठी फिरवत फिरवत काढून पाहावी. बोटाला घट्ट दोरा गुंडाळून अंगठी पुढे सरकवण्याची जुनी युक्ती साध्या सुजेत चांगली चालते, पण हाड मोडल्याची शंका असेल किंवा जखम असेल तर ती वापरू नये. काही मिनिटांत निघाली नाही, तर कॅज्युअल्टीत जाऊन कापून घ्यावी. तिथे त्यासाठी लहान चक्रीचे कटर असते आणि सोन्याची अंगठी सहज कापली जाते. कापलेली अंगठी सराफ पुन्हा सांधून देतो. बधिरपणा आणि निळेपणा ही रक्तपुरवठा अडल्याची खूण आहे. तुमचे बोट सकाळी सावरले, पण पुन्हा इतका धोका पत्करू नका. बोटाचा एक्स-रे काढला नसेल तर तोही काढून घ्या.

प्रश्न : आमच्या शेजारच्या तरुणाने मोटरसायकल स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चेन साफ केली. फडक्यासह बोट चेनमध्ये ओढले गेले आणि तर्जनीचे वरचे पेर तुटले. आम्ही तुटलेला तुकडा थेट बर्फात टाकून नेला. डॉक्टर म्हणाले, असे करायला नको होते. मग काय करायला हवे होते?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : तुम्ही तुकडा शोधून सोबत नेलात हे फार चांगले केलेत, घाबरलेल्या माणसांकडून बहुधा तेवढेही होत नाही. बर्फाचा थेट स्पर्श झाला की तुकड्यातील पेशी गोठून फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्या जोडण्यालायक राहत नाहीत. पाण्यात बुडवून ठेवले तर तुकडा फुगतो. योग्य पद्धत अशी: तुकडा घासू नये, वर धूळ असेल तर सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळावा, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बंद करावे, आणि ती पिशवी दुसऱ्या, बर्फ व पाणी असलेल्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी. तुकडा गार राहिला पाहिजे, पण बर्फाला लागता कामा नये. केवळ कातडीच्या दुव्याने लोंबकळणारे बोट मात्र कधीही तोडून वेगळे करू नये, कारण त्या दुव्यातून थोडा रक्तपुरवठा चालू असू शकतो.

हातावरील जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. बोटाच्या मुळाशी दोरी किंवा रबर करकचून बांधू नये. हळद, कॉफी पूड, टूथपेस्ट असे काहीही जखमेत भरू नये. ते काढण्यातच शल्यविशारदाचा अमूल्य वेळ जातो. रुग्णाला काही खाऊपिऊ घालू नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

बोटात स्नायू नसल्यामुळे ते दंडापेक्षा किंवा मांडीपेक्षा अधिक काळ तग धरते: साध्या तापमानाला सुमारे १२ तास आणि योग्य रीतीने गार ठेवले तर सुमारे २४ तासांपर्यंत जोडण्याचा प्रयत्न करता येतो. १९६५ मध्ये जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई या शल्यविशारदांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून पुन्हा बसवला आणि तेव्हापासून हे शास्त्र वाढत गेले. परंतु अशी शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात होत नाही. निघण्याआधी दूरध्वनी करून ‘तुटलेले बोट जोडणारे प्लॅस्टिक सर्जन आत्ता आहेत का?’ एवढे विचारले तर दोन-तीन तास वाचतात. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही बोलावता येते. चेनमध्ये चेंगरून तुटलेले टोक अनेकदा जोडता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण दातेरी चाकाने रक्तवाहिन्या ओढून फाटलेल्या असतात. अशा वेळी उरलेल्या बोटाला चांगली, संवेदना असलेली कातडी मिळवून देणे हाच उत्तम उपचार असतो. अंगठा आणि लहान मुलांची बोटे यांच्या बाबतीत मात्र जोडण्याची शिकस्त केली जाते.

इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाक हाताने फिरवत चेन साफ करता येते. हे वाक्य तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठ्या अक्षरांत लावावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : पाच वर्षांच्या नातीचे बोट दारात चिमटले. नख मुळाशी उचलले गेले आणि थोडे रक्त आले. नख आपोआप पडेल म्हणून थांबावे का?
— एक आजी, कर्वेनगर

उत्तर : थांबू नये, आजच दाखवावे. नखाखाली नुसते रक्त साकळून ठणका लागला असेल आणि नख जागेवर असेल, तर डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून ते रक्त काढतात आणि मुलीला लगेच आराम पडतो. पण नख मुळाशी उचलले गेले असेल, तर लहान मुलांत त्याखालच्या पेराचे हाड, ते जिथून वाढते त्या कोवळ्या भागातून, मोडलेले असू शकते आणि नखाखालचा पडदा त्या फटीत अडकलेला असतो. वरून क्षुल्लक दिसणारी ही दुखापत प्रत्यक्षात उघडे फ्रॅक्चर, म्हणजे जखम थेट मोडलेल्या हाडापर्यंत गेलेली, असते. ती धुऊन, पडदा सोडवून, हाड बसवून प्रतिजैविके दिली नाहीत, तर हाडात पू होतो आणि बोटाची वाढ खुंटते. बाजूने काढलेला एक्स-रे आवर्जून मागा.

प्रश्न : मी शिवणकाम करते. करंगळीच्या मुळाशी असलेले हाड मोडले होते. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी पट्टी काढून बोट हलवायला सांगितले होते, पण घरातल्यांनी ‘हाड कच्चे राहील’ म्हणून आणखी तीन आठवडे बोट बांधून ठेवले. आता मूठ वळत नाही आणि कात्री धरता येत नाही. हाड जुळले आहे, असे डॉक्टर सांगतात. बोट पुन्हा चालेल का?
— एक वाचक, रविवार पेठ

उत्तर : चालेल, अशी मला चांगली आशा आहे, पण त्यासाठी काही महिने नेटाने व्यायाम करावा लागेल. घरातल्यांनी मायेपोटीच केले. परंतु बोटाच्या बाबतीत जास्त बांधणे हे जास्त बरे करणे नव्हे. बोटाचे हाड तीन-चार आठवड्यांत हालचाल सोसण्याइतके जुळते. एक्स-रेत मात्र भेग पुढे कित्येक आठवडे दिसत राहते आणि तिला पाहून लोक घाबरतात. तेवढ्या काळात सांध्याभोवतीचे आवरण आखडते आणि कंडरा आजूबाजूच्या ऊतींना चिकटून बसतात. बोट बांधताना मनगट किंचित मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंशांत वाकलेले आणि पुढचे दोन्ही सांधे सरळ, अशा स्थितीत ठेवतात ते याच कारणासाठी, की आवरण ताणलेले राहावे आणि आखडू नये. तुमच्या बोटाची पट्टी घरी बांधताना ही स्थिती बिघडली असणार.

आता रोज चार-पाच वेळा कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवा. मग दुसऱ्या हाताने करंगळीचे मधले पेर स्थिर धरून फक्त टोक वाकवा. नंतर मुळाचे पेर धरून मधला सांधा वाकवा. शेवटी पूर्ण मूठ. दुसऱ्या कोणाला बोट खेचायला किंवा चोळायला देऊ नका. व्यायामानंतर सूज किंवा ठणका रात्रभर टिकला तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करा, व्यायाम थांबवू मात्र नका. हाताच्या फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा गेलात तर प्रगती मोजली जाईल. घरी मोजण्यासाठी, मूठ मिटताना करंगळीचे टोक तळव्याच्या बोटांकडील आडव्या रेषेपासून किती अंतरावर राहते ते तुमच्याच टेपने दर रविवारी मोजून लिहून ठेवा. आधी लाटणे धरता येईल, मग झाडूचा दांडा, मग पेन. कात्री आणि जाड कापड शेवटी घ्या. तोपर्यंत मशिनवर सुती कापडाच्या सरळ शिवणी मारायला हरकत नाही. सहा आठवडे इतके करूनही टेपवरचे अंतर कमी झाले नाही, तर ती वही घेऊन हाताच्या शल्यविशारदांना भेटा.